रुग्णशय्येपाशी जाण्यापूर्वी

कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. येथल्या एखाद्या वृद्ध रापणकराचा आजार बळावला आणि मालवणात भागले नाही, तर त्याला कसालच्या रस्त्याने ओरोस गाठावे लागते. तेथेही निभावले नाही, तर गोव्यातील बांबोळी! सिंधुदुर्गातील पिढ्यांनी ही वणवण सोसली. म्हणूनच २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात ओरोस येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. परंतु इमारत उभी राहिली, खाटा मांडल्या, म्हणजे वैद्य घडला असे होत नाही.

वैद्यकाचा विद्यार्थी पहिले वर्ष पार करून रुग्णालयाच्या कक्षात पहिले पाऊल टाकतो, तो क्षण त्याच्या आयुष्याला वळण देणारा असतो. त्याची तयारी आज कशी होते? पांढरा कोट शिवून घेतला, स्टेथोस्कोप विकत आणला, इंग्रजी पुस्तकातील प्रश्नावली पाठ केली, की झाली तयारी! ज्याला हे प्रश्न विचारायचे, त्याच्या भाषेची तयारी कोणी करायची?

हा प्रश्न भावनेचा नाही, निदानाचा आहे. एक साधे उदाहरण घ्या. ‘माका खोकलो होता’ असे मालवणी माणूस सांगतो, तेव्हा त्याला आज, आता खोकला होत असतो. पुण्या-नागपूरच्या कानाला मात्र तो पूर्वी होता असे वाटते. उलट ‘खोकलो होतो’ म्हणजे मालवणीत पूर्वी होता. प्रमाण मराठीच्या कानाला तो आजही होतो आहे असे ऐकू येते. एका मात्रेने वर्तमानाचा भूतकाळ झाला! जिथे मराठी विद्यार्थ्याची ही गत, तिथे अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांवरून दूरच्या प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याने काय करावे? दोष त्याचा नाही. त्याला भाषा न शिकवता खाटेपाशी उभा करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की, आता यंत्रे आहेत, तपासण्या आहेत. रुग्णाच्या बोलण्यावर कोण विसंबतो? अहो, पण कोणती तपासणी करायची हे ठरते कशावरून? भाताच्या चिखलात राबणाऱ्याला ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. दोडामार्गच्या काजूबागेत वावरणाऱ्याला ताप आला तर माकडतापाची. २०१६ पासून त्या तालुक्याने तो अनुभवला आहे. माणूस कुठे राबतो, हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारलेले समजले नाही तर यंत्र बिचारे मुकेच राहते.

आपल्या पूर्वसूरींना हे नेमके ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय शिष्याला रुग्णावर शस्त्र चालवण्याआधी कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर हात बसवायला सांगतो. लगेच पुढचा अध्याय वैद्याने व्यवसायात प्रवेश कसा करावा याचा आहे. तेथे रोग जाणण्याचे सहा उपाय सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. रुग्णाचा देश, काळ, त्याला मानवणारा आहारविहार, रोगाचा आरंभ, वेदनेचा जोर हे सारे विचारूनच जाणावे, असे हे शास्त्र म्हणते.

आणि आपण काय केले? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने चरक शपथेची शिफारस केली, तेव्हा देशभर वादाचा धुरळा उडाला. एका बाजूने परंपरेचा जयघोष, दुसऱ्या बाजूने तिचा उपहास. शपथ कोणती घ्यावी यावर रकानेच्या रकाने भरले. शपथ घेतलेला विद्यार्थी रुग्णाशी दोन वाक्ये बोलू शकतो का, हा प्रश्न त्या कोलाहलात हरवून गेला. परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी तरी तो विचारायला हवा होता!

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेला स्थान दिले आहे. ही तरतूद केवळ उपचार ठरू नये. कक्षात पाठवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची मालवणीतून तोंडी परीक्षा घ्यावी. त्याने रुग्णाची हकीकत ऐकून ती अचूक लिहून दाखवावी, मगच त्याला खाटेपाशी जाऊ द्यावे. दुखण्याखुपण्याच्या मालवणी शब्दांची पुस्तिका महाविद्यालयानेच सिद्ध करावी. हे काम अनुभवी परिचारिका आणि गावोगावच्या आशा सेविका यांच्याइतके उत्तम कोण करील?

मात्र सारा भार शासनावर टाकून आपण मोकळे होणार का? विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आलाच आहे. आता कुटुंबांनीही विद्यार्थ्यांना आपलेसे करावे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन या मुलामुलींना सणावाराला घरी बोलवावे, पेजेचे ताट पुढे करावे, आजीशी चार गोष्टी बोलू द्याव्यात. रापणीच्या दोरीला हात लावलेला विद्यार्थी देवबागच्या माणसाचा खांदा का दुखतो, हे पुस्तकाहून लवकर शिकेल.

रुग्ण आपले दुःख आपल्याच भाषेत सांगणार. ती समजून घेणे हे वैद्याचे उपकार नव्हेत, ते त्याचे पहिले कर्तव्य आहे. शपथ संस्कृतात घ्या वा इंग्रजीत. ती पाळायची आहे मालवणीत!