नितळ तेल आणि निर्मळ तेल

नितळ आणि निर्मळ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने योजतो. घाण्याच्या तेलापुरते ते चालून जाते. भांड्याच्या तळाशी साका बसला, वरचे तेल निवळले, की ते निःशंकपणे वापरावे. परंतु यंत्रात घालावयाच्या तेलाविषयी बोलताना या दोन शब्दांत भेद केलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

जबलपूरसारख्या नगरात तर हा भेद प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावा. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली आणि व्हेइकल फॅक्टरी १९६९ साली स्थापन झाली. २००३ पासून पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. जेथे चाके फिरतात, तेथे वंगण लागते. आणि वंगणात धूळ, लोखंडाचा कीस व पाण्याचे थेंब शिरल्यावाचून राहत नाहीत.

हे कण किती वेगाने खाली बसतात, याचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध केला. कणाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कण आणि तेल यांच्या घनतांतील फरक जितका अधिक, तितका तोही अधिक. आणि तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, जितका अधिक, तितका तो कमी.

या नियमाने एक हिशेब करून पाहू. पाण्याच्या शंभरपट दाट असे तेल नळीत १० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरले आहे. त्यात ४० मायक्रॉन व्यासाचा लोखंडाचा कण सुमारे २७ मिनिटांत तळ गाठील. १० मायक्रॉनचा कण सात तासांहून अधिक वेळ घेईल. १ मायक्रॉनचा कण मात्र महिनाभर वाट पाहावयास लावील. आता लक्षात घ्या, की सुमारे ४० मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जे दिसते ते अर्ध्या तासात खाली बसते, आणि तेल नितळ भासू लागते, तेव्हाच न दिसणारे कण त्यात तरंगत असतात. धारव्यातील तेलाचा थर काही थोड्या मायक्रॉनांचाच असल्यामुळे झीज करतात ते नेमके हेच कण.

अनुभवी कारागिराच्या नजरेचा आम्ही अनादर करीत नाही. पण नजर मोजू शकत नाही. मापनासाठी तेलाची उंची, लागलेला वेळ आणि तापमान या तिन्हींची नोंद हवी. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि जानेवारीच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. तेच तेल हिवाळ्यात कित्येक पट दाट होते. तापमानाविना केलेली नोंद म्हणूनच निरर्थक होय. वाट पाहणे शक्य नसेल, तर केंद्रोत्सारी यंत्रात नमुना फिरवून गाळ मोजावा, किंवा सूक्ष्म गाळणीवर धरून तोलावा.

शाळेत हा प्रयोग मोहरीचे तेल, बारीक रेती, उंच काचनळी आणि घड्याळ एवढ्यावर होऊ शकेल. एकदा थंड तेलात, एकदा कोमट तेलात करून दोन्ही वेळा वहीत लिहाव्या. डोळ्यांवर विसंबून न राहण्याची सवय ज्याला त्या वहीतून लागेल, त्याच्या हाती उद्या यंत्र अधिक सुरक्षित राहील.