पाटी फ्रेंच, पाव शिळा

महानगरांतील तारांकित हॉटेलांच्या तळमजल्यावर ‘फ्रेंच बेकरी’ची पाटी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. काचेची कपाटे, मंद दिवे आणि त्यांच्या प्रकाशात मांडलेले क्रोसाँ व बॅगेट पाहून मध्यमवर्गीय गिऱ्हाईकही एखाद्या सणावारी तेथे पाऊल टाकते. घरभर पुरेल एवढा पाव ज्या पैशात आला असता, ते पैसे एका क्रोसाँसाठी मोजते. आणि पदरात काय पडते? सकाळपासून कपाटात पडून राहिलेला, मायक्रोवेव्हमध्ये गरम करताच रबरासारखा चिवट झालेला एक गोळा! कित्येकदा तो तेथे मळलेलाही नसतो. कारखान्यातून गोठवून आलेली कणीक तेथे केवळ भाजली जाते आणि याची गिऱ्हाइकाला दाद नसते.

वस्तुतः हा पदार्थ मोठा कष्टसाध्य आहे. आंबवलेल्या थंड कणकेत लोण्याचा थर घालून ती लाटावी लागते, तिची तिहेरी घडी घालावी लागते आणि मधूनमधून तिला थंडाव्यात विसावू द्यावे लागते. अशा तीन घड्या झाल्या की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन हे थर फुलतात. लाटताना लोणी वितळून कणकेत मुरले, तर सारे श्रम वाया जातात. बॅगेटचे खुसखुशीत कवचही आतला ओलावा शोषून काही तासांत नरम पडते. मुंबईच्या दमट हवेत तर त्याहून लवकर. ताजेपणा हा या पदार्थांचा अलंकार नव्हे, प्राण आहे.

फ्रान्सने हे ओळखले आणि केवळ कौतुकावर न थांबता शब्दांना कायद्याचे कुंपण घातले. १९९३ च्या आदेशानुसार ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ म्हणून विकावयाच्या पावाची कणीक कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही आणि तीत कृत्रिम पूरक द्रव्ये घालता येत नाहीत. १९९८ च्या कायद्याने तर, जो स्वतः विक्रीच्या जागीच कणीक मळतो, आंबवतो, घडवतो आणि भाजतो, त्यालाच दुकानावर ‘बुलांजरी’ ही पाटी लावण्याचा अधिकार ठेवला. बॅगेट करण्याच्या कौशल्याला २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. ज्या देशाचे नाव लावून माल खपवायचा, त्या देशात ती पाटी लावणे अनेकांना जड गेले असते, हा यातील विरोधाभास आहे.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, सामान्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न एका पावाचा नाही. नावावर ठेवलेल्या विश्वासाचा आहे. परक्या हापूसला देवगडचे नाव लावले की फसतो तो सामान्यच. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते या नावाच्या रक्षणासाठीच. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या गोठवलेल्या पदार्थाला आपल्याकडेही ‘आइसक्रीम’ म्हणता येत नाही. मग बेकरीलाच मोकळीक का असावी?

परदेशातून आलेला पाव आपण परका ठेवला, असेही नाही. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. गोव्याचा पोदेर भोंगा वाजवीत सायकलवरून ताजा पाव दारी आणतो. मुंबईच्या इराण्याचा ब्रून खाताना कुरकुरतो. त्यांच्या पाट्यांवर झगमगाट नसतो, पण भट्टीतून निघालेला पाव थेट गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. परका पदार्थ आपलासा करावा तर असा!

हॉटेलांनी फ्रेंच नाव लावू नये, असे कोणी म्हणणार नाही. त्या नावाखाली एवढेच लिहावे की, कणीक येथे मळली आहे की गोठवून आणली आहे आणि माल किती वाजता भाजला आहे. अन्न सुरक्षा यंत्रणेने ही सक्ती करणे अवघड नाही. तोवर गिऱ्हाइकाने तरी संकोच सोडावा. कोपऱ्यावरच्या बेकरीत ‘पाव आजचा आहे ना?’ असे विचारणारा माणूस संगमरवरी दालनात शिरताच मुका का व्हावा?