टेम्पो कधी बदलावा? वहीला विचारा!

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांत गाडी बदलण्याचे दोन प्रकार दिसतात. एक, शेजारच्या दुकानदाराने नवी गाडी आणली म्हणून आपलीही बदलायची. दुसरा, गाडी रस्त्यात कायमची बसेपर्यंत रेटायची. आमच्या मते दोन्ही घाट्याचे सौदे आहेत. गाडी बदलण्याचा निर्णय मानपानाने किंवा गाडीवरच्या मायेने होऊ नये. तो हिशेबाच्या वहीने व्हावा.

नव्या गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरते. विमा ठरवताना वापरल्या जाणाऱ्या घसाऱ्याच्या तक्त्यात गाडी वर्षाची होईपर्यंत १५ टक्के व पाच वर्षांची होईपर्यंत ५० टक्के घट धरतात. बाजारभाव थोडा इकडेतिकडे असेल, पण अंदाजाला हा तक्ता पुरे.

समजा, नवा छोटा टेम्पो ६ लाखांचा. पाच वर्षांत ३ लाख उतरले, म्हणजे सरासरी वर्षाला ६० हजार. देखभाल १५ हजार आणि विम्याचा जादा हप्ता १० हजार धरा. एकूण ८५ हजार.

आता दारातल्या जुन्या टेम्पोचा हिशेब मांडा. यंदा त्याची किंमत २० हजारांनी उतरेल. दुरुस्ती व टायर ३० हजार. दहा दिवस गॅरेजमध्ये पडला आणि रोज दीड हजाराने भाड्याचा टेम्पो घ्यावा लागला, तर १५ हजार. एकूण ६५ हजार. म्हणजे जुना टेम्पो ठेवण्यात २० हजारांचा फायदा आहे. पण पुढच्या वर्षी दुरुस्तीच ६० हजारांवर जाणार असे मेस्त्री सांगू लागला, तर बेरीज ९५ हजार होते. तेव्हा मोठा खर्च करण्याआधीच गाडी विकावी.

बंद पडलेले दिवस आमचे लोक वहीत लिहीत नाहीत, आणि खरा तोटा तिथेच होतो. ईदच्या आदल्या आठवड्यात माल वेळेवर पोहोचला नाही, तर गिऱ्हाईकही जाते.

कायद्याचे टप्पेही ध्यानात ठेवा. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. जुन्या गाड्यांवर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. असा टप्पा येण्याच्या सहा महिने आधी हिशेब मांडावा. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी विकताना त्याचे पत्र घ्यायला विसरू नका.

मात्र ब्रेक, स्टिअरिंग किंवा चासीचा गंज यांत रुपयांचा हिशेब नको. तिथे चालकाचा व रस्त्यावरच्या माणसाचा जीव आहे.

शेवटची गोष्ट. जुना टेम्पो दीड लाखाला गेला, तरी नव्यासाठी साडेचार लाख हवेत. सात वर्षे दरमहा साडेपाच हजार बाजूला टाकले, तर ही रक्कम उभी राहते. भाववाढीसाठी थोडे अधिक टाकावे. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बांधवांना हाच सरळ मार्ग आहे. गाडी घरी आली त्याच महिन्यापासून पुढच्या गाडीचा गल्ला सुरू करा, असे आमचे सांगणे आहे.