पात्याचा छंद

कुणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद असतो, कुणाला जुनी नाणी, कुणाला काडेपेट्या. असे छंद सांगितले की समोरचा माणूस कौतुकाने मान डोलावतो. मला चाकू-सुऱ्या जमवण्याचा आणि ओंडक्यावर त्या फेकण्याचा छंद आहे, असे सांगितले की तोच माणूस अर्धा पाऊल मागे सरकतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिक्षणासाठी घेतलेल्या खोलीत कॉटखाली माझी पत्र्याची पेटी असे. त्यात चौदा पाती होती. एक कुकरी, एक मोडक्या मुठीचा बिचवा, चांभाराची रापी, आजोबांचा वस्तरा, दोन अडकित्ते, फेकायच्या चार सुऱ्या आणि बाकी किरकोळ. साफसफाईच्या वेळी घरमालकांनी पेटी उघडली. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, पोरगा तू चांगला आहेस. पण महिनाअखेर खोली बघ दुसरी. घरात लेकीसुना आहेत माझ्या."

त्या वेळी मला फार अपमान वाटला. आज तितका वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम माझी बाजू मांडतो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली. तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्राला मिळालेली ही वस्तू सर्वप्रथम साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. गावोगावची माणसे पोराबाळांसह ती बघायला लोटली. मीही गेलो. काचेपलीकडची ती वस्तू तशी मूठभर. बोटांत अडकवायच्या दोन कड्या, एक आडवी पट्टी आणि तिला वाकडी पाती. बघणाऱ्यांनी हात जोडले. माझ्या मनात आले, जी माणसे इथे एका पात्याला नमस्कार करतात, त्यांतलीच काही माझ्या पेटीला घाबरतात. मग भीती पात्याची आहे, की ते धरणाऱ्या हाताची?

त्याच वाघनखांनी मला आणखी एक धडा दिला. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती पेशव्यांच्या प्रधानाकडून आली, असे त्यांच्यासोबतच्या पेटीवर लिहिलेले आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच ग्रँट डफ. परंतु १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांच्या हातात होती ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयानेच स्पष्ट सांगितले आहे. यावर आपल्याकडे बरेच वादंग झाले. मला विचाराल तर त्या संग्रहालयाची ही कबुली मोठी होती. वस्तू जवळ असणे निराळे आणि तिच्याविषयी खरे बोलणे निराळे. माझ्या मोडक्या बिचव्याबद्दल तो विकणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितले होते, "सरदाराच्या वाड्यातला आहे." मी तो त्याच थाटात मित्रांना दाखवत असे. साताऱ्याहून परतल्यावर एक चिठ्ठी लिहून त्याला बांधली: "बाजारात घेतला. पूर्वेतिहास माहीत नाही." त्या दिवशी माझा बिचवा थोडा लहान झाला आणि माझा छंद थोडा मोठा झाला.

आता पेटीत काय असावे, याविषयी. शस्त्रांचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कट्यार येते, जंबिया येतो, सोन्याची कोफ्तगिरी केलेली मूठ येते. ती असावीतच. आडव्या पकडीची आपली कट्यार ही हिंदुस्थानी लोहाराची स्वतंत्र बुद्धी आहे. सारा जोर मनगटातून सरळ टोकाशी जावा अशी तिची रचना. परंतु आपल्या भागात खरे राज्य कुणाचे आहे? कोयत्याचे. दिवाळीच्या आगेमागे कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मोजायचे माप 'एक कोयता' हे आहे. मुकादमाच्या वहीत माणसांची नावे असतील-नसतील, कोयत्यांची संख्या असते. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. दोन जिवंत माणसे एका पात्याच्या नावाने मोजली जातात आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही! ज्याच्या संग्रहात रत्नजडित कट्यार आहे पण घासून अर्धा झालेला कोयता नाही, त्याने इतिहासाचे एकच पान जपले, असे मी म्हणेन.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी हे ओळखले होते. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय उभे केले; त्यात शस्त्रे आहेत, तसेच अडकित्तेही आहेत. मोराच्या, घोड्याच्या, माणसांच्या आकाराचे. सुपारी कातरायच्या साध्या वस्तूवर अनाम कारागिराने इतका जीव लावला, हे बघून माणूस थक्क होतो. खंडेनवमीला आपण तलवारीबरोबर विळा-कोयताही पुजतो. सणाच्या दिवशी कळणारे हे शहाणपण वर्षाचे उरलेले दिवस कुठे जाते?

आता फेकण्याविषयी. येथेच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. फेकायच्या सुरीला धार नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिला फक्त टोक असते. धार असली तर सोडताना आपलीच बोटे कापतील. सुरी हवेत सरळ जात नाही, गरगरत जाते. मूठ धरून फेकली तर साधारण तीन-चार मीटरांत ती एक पूर्ण गिरकी घेते. पाते धरून फेकली तर सुमारे दोन मीटरांत अर्धी. म्हणजे जोर महत्त्वाचा नाही, अंतर महत्त्वाचे. मनगट झटकले की गिरकी बिघडते आणि सुरी मुठीच्या बाजूने आदळून उलट अंगावर येते. म्हणून लक्ष्य मऊ लाकडाचे लागते, ओंडक्याचा आडवा काप, म्हणजे टोक रेषांच्या मधे शिरते. मागे भिंत किंवा मातीचा ढीग हवा. बाजूला कुणी उभे राहता कामा नये. आणि सगळ्यांच्या सुऱ्या फेकून झाल्याशिवाय कुणीही काढायला पुढे जायचे नाही. पहिले सहा महिने माझ्या दहांतल्या आठ सुऱ्या खाली पडत. या खेळात राग आला की नेम चुकतो. रागीट माणसाला नम्र करणारा याहून स्वस्त गुरू मला भेटलेला नाही.

आणि ही कला आपल्याला अगदी परकी आहे काय? सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिल्या भारतीय सर्कशीचा खेळ केला. किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस पाहून त्यांनी ते मनावर घेतले होते. पुढे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी या मातीतून निघाल्या. जगभरच्या सर्कशींत सुरीफेकीचा खेळ ठरलेला असे. फळीला पाठ लावून एक बाई उभी राहते आणि फेकणारा तिच्या अंगाभोवती सुऱ्यांची रांगोळी काढतो. जरा विचार करा, या खेळातले कौशल्य कशात आहे? न लागण्यात! ज्या दिवशी सुरी माणसाला लागली, त्या दिवशी खेळाडू हरला. पाते हातात घेऊन समोरच्याला इजा न करण्याची ही साधना ज्यांनी तंबूत केली, त्यांना आपण 'सर्कसवाले' म्हणून सोडून दिले. युरोप-अमेरिकेत मात्र हा रीतसर खेळ झाला आहे. अंतरे ठरलेली, वर्तुळे आखलेली, गुण मोजलेले.

येथवर माझी बाजू झाली. आता घरमालकांची.

पात्याला एक दुसरे आकर्षणही असते, आणि ते खोटे म्हणून झटकता येत नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. कलेच्या मानाला खुनाची मुभा जोडली की त्या माणसाचे काय होते, याचेच ते नाटक आहे. सत्तरीच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत रामपुरी चाकू खटकन उघडला, की थिएटरात शिट्ट्या पडत. १९७३ च्या 'जंजीर'मध्ये सुऱ्यांना धार लावून पोट भरणारी मुलगीही होती. पण शिट्ट्या तिच्या सहाणेला नव्हत्या. आज थिएटरची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, कोयता खांद्यावर टाकून फोटो काढायचा, खाली दोन ओळी धमकीच्या लिहायच्या. आणि मग पोलीस ठाण्यात आईवडिलांनी हात जोडून उभे राहायचे. ज्या कोयत्याने उसाच्या फडात दोन जिवांचे पोट भरते, तोच शहराच्या गल्लीत टोळीचे नाव झाला.

आणि मी यातून सुटलेलो नाही. पेटी सापडण्याच्या महिनाभर आधी एका वर्गमित्राने माझी कुकरी फक्त फोटोपुरती मागितली. मला माझ्या संग्रहाची मिरवणूक हवीच होती, मी दिली. फोटो निघाला, फिरला. ज्या मुलाशी त्याचे भांडण होते, तो त्यानंतर चार दिवस वर्गात आला नाही. कुकरी म्यानातून काढण्यापलीकडे काही घडले नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. पण एक मुलगा चार दिवस घाबरला होता, आणि ती भीती माझ्या पेटीतून गेली होती. फळीसमोरचा खेळाडू एकदाही न लागता शंभर सुऱ्या फेकतो. माझी एक सुरी न फेकताच लागली. घरमालकांना ही हकिकत ठाऊक नव्हती. ठाऊक असती, तर त्यांनी महिनाअखेरपर्यंतही मुदत दिली नसती, आणि ते योग्यच झाले असते.

मग छंद सोडावा काय? मला तसे वाटत नाही. साताऱ्याकडेच बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. साताऱ्यातच सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळे त्याच दिवशी पुरुषांत विजेता ठरला. धनुष्यबाण हे सुरीहून कितीतरी घातक हत्यार. तरी धनुष्य घेऊन एसटीत चढणाऱ्या मुलीला कुणी खोली सोडायला सांगत नाही. का? कारण धनुष्याला मैदान आहे, शिक्षक आहे, नियम आहेत, आणि शिस्त मोडणाऱ्याला रेषेबाहेर काढणारा पंच आहे. पात्याला यांतले काहीच नाही. म्हणून ते एक तर काचेत पुजले जाते, नाही तर गल्लीत परजले जाते. मधली जागा रिकामी आहे.

ती जागा भरावी, एवढेच माझे मागणे आहे. कॉलेजच्या जिमखान्यात एक कोपरा, एक ओंडका, एक जाणता शिक्षक आणि कुलपाचे कपाट पुरेल. सुऱ्या कपाटातून निघाव्यात आणि मोजून कपाटातच जाव्यात; घरी नेणे नाही, खिशात बाळगणे नाही, फोटो तर नाहीच. कायद्याची ओळखही तेथेच व्हावी. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते. घरकामाची व शेतीची हत्यारे वगळली आहेत. जमावबंदीच्या काळात तर शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरण्यावरच बंदी असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन ठरते आणि १९७२ च्या कायद्याने ती परदेशी नेता येत नाही. हे कळलेला मुलगा हौशी होईल. न कळलेला केव्हा आरोपी होईल ते सांगता येत नाही.

शेवटी आजीची आठवण सांगतो. तिची विळी हे माझ्या ओळखीचे पहिले पाते. काम झाले की ती विळी आडवी करून, पाते भिंतीकडे वळवून ठेवी. सुरी कधी हातात देत नसे. खाली ठेवी आणि मग दुसऱ्याने उचलायची. हातातून दिली तर भांडण होते, म्हणे. आम्ही हसत असू. आज वाटते, तिच्या त्या खुळ्या समजुतीत माझ्या सगळ्या लेखाचे सार होते. कुकरी देताना मी ती मित्राच्या हातात दिली होती.

माझी पेटी सध्या गावी, आजीच्या फडताळाला लागून आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली वडिलांकडे असते. सुट्टीत गेलो की मागून घेतो, परसात ओंडक्यापुढे उभा राहतो, आणि संध्याकाळी चौदाच्या चौदा पाती मोजून परत देतो.