विश्लेषण : १५ ऐवजी ६ लाल चेंडू... ‘सिक्स रेड’ स्नूकर निफाडसारख्या तालुक्यांना का परवडेल?

स्नूकर म्हटले की तासन् तास चालणारा, मोठ्या शहरांतील क्लबांचा खेळ, असा सर्वसाधारण समज आहे. या खेळाचे ‘सिक्स रेड’ हे छोटे रूप मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्थिरावले आहे. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने त्यात जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत. हा प्रकार महानगरांबाहेर रुजवायचा असेल, तर निफाडसारखे तालुके ही योग्य सुरुवात ठरू शकते. ती कशी?

‘सिक्स रेड’ म्हणजे काय?

नेहमीच्या स्नूकरमध्ये १५ लाल चेंडू आणि पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे ६ रंगीत चेंडू असतात. सिक्स रेडमध्ये लाल चेंडू फक्त ६. टेबल तेच, १२ बाय ६ फुटांचे. एक लाल, मग एक रंगीत हा क्रमही तोच. लाल चेंडूला १ गुण, रंगीत चेंडूंना २ ते ७ गुण. त्यामुळे एका डावातील सर्वोच्च ब्रेक १४७ वरून ७५ वर येतो.

गणित किती बदलते?

समजा, खेळाडूने प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा चेंडू पॉट केला. १५ लाल चेंडूंच्या फ्रेममध्ये प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्याबाहेर जाण्यासाठी त्याला असे १० लाल आणि ९ काळे, म्हणजे सलग १९ पॉट लागतात. तेव्हा त्याचे ७३ गुण होतात आणि प्रतिस्पर्ध्यासाठी टेबलावर ६७ उरतात. सिक्स रेडमध्ये ५ लाल आणि ५ काळे पुरतात. गुण ४०, शिल्लक ३५. म्हणजे जवळपास निम्म्या पॉटमध्ये फ्रेम खिशात.

त्यामुळे एका चुकीची किंमत वाढते. बलाढ्य खेळाडूला सावरायला वेळ मिळत नाही आणि नवख्यालाही एखाद्या चांगल्या ब्रेकवर फ्रेम जिंकता येते.

भारताची कामगिरी काय?

बँकॉकमध्ये २००८ मध्ये सिक्स रेडची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि इंग्लंडचा रिकी वॉल्डन विजेता ठरला. पुढे या स्पर्धेला जागतिक अजिंक्यपदाचे रूप आले. ‘इंटरनॅशनल बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन’ म्हणजेच आयबीएसएफच्या सिक्स रेड स्पर्धेत अडवाणीने २०१४ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे विजेतेपद पटकावले. २०१५ मध्ये कराचीत चीनच्या यान बिंगताओला ६-२ असे हरवून त्याने ते राखले. २०२१ मध्ये दोहा येथे पाकिस्तानच्या बाबर मसिहवर मात करून त्याने सिक्स रेड विश्वचषकही जिंकला.

महाराष्ट्राला या टेबलाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कोणत्याही खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी पुढे तीनदा हा मान मिळवला. यश मोठे असले, तरी ही नावे पुण्या-मुंबईचीच आहेत.

निफाडशी याचा काय संबंध?

तालुक्याच्या ठिकाणी खरी अडचण वेळेची असते. एका टेबलावर ८ खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा घ्यायची, तर ७ सामने होतात. प्रत्येक सामना जास्तीत जास्त ३ फ्रेमचा धरला, तर २१ फ्रेम. नवख्या खेळाडूंना १५ लाल चेंडूंच्या फ्रेमला ४० मिनिटे लागतात असे धरले, तर १४ तास हवेत. सिक्स रेडची फ्रेम १५ मिनिटांत संपते असे धरले, तर सव्वापाच तासांत बक्षीस समारंभ उरकतो. ओझर, पिंपळगाव किंवा लासलगावहून आलेला मुलगा सकाळी निघून संध्याकाळी घरी पोहोचू शकतो.

तासावर पैसे मोजणाऱ्या खेळाडूचेही यात भले आहे. तेवढ्याच पैशांत अधिक फ्रेम, म्हणजे निर्णायक फटक्यांचा अधिक सराव. शिवाय द्राक्षाच्या या पट्ट्यात पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरलेली असताना हा बंदिस्त जागेतला खेळ सुरू राहू शकतो.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप जाणकारांचा. लांबलेले बचावात्मक डाव आणि मोठे ब्रेक हाच स्नूकरचा गाभा आहे, तो इथे आक्रसतो. हे खरेच आहे. व्यावसायिक सर्किटचा मुख्य रस्ताही १५ लाल चेंडूंचाच आहे. पण पोहायला शिकणाऱ्याला कुणी पहिल्याच दिवशी धरणात उतरवत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि तो अधिक गंभीर आहे. ‘पूल पार्लर’ म्हणजे सिगारेटचा धूर, पैजा आणि टवाळखोरी ही प्रतिमा उगाच तयार झालेली नाही. ती जाईपर्यंत मुली तर सोडाच, मुलांनाही घरून परवानगी मिळणार नाही. नियम कितीही छोटे केले, तरी हा प्रश्न सुटत नाही.

मग करायचे काय?

उत्तर जागेत आहे. पूर्ण आकाराच्या टेबलासाठी साधारण २२ बाय १६ फुटांची खोली लागते. महाराष्ट्रात तालुका क्रीडा संकुलांची योजना आहेच. अशा संकुलात किंवा महाविद्यालयात एक टेबल, ठरलेले शुल्क, मुलींसाठी राखीव वेळ आणि धूम्रपान व पैजांना सक्त मनाई, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्यानंतर दर महिन्याला एक दिवसाची सिक्स रेड स्पर्धा भरवावी आणि तिच्या विजेत्याला जिल्हा स्पर्धेत थेट प्रवेश द्यावा.

राष्ट्रीय पातळीवर सिक्स रेडची स्पर्धा होते, म्हणजे वरची पायरी तयार आहे. खालची पायरी तालुक्यातच बांधावी लागेल. ती बांधली नाही, तर पुढचा जगज्जेताही आधीच टेबल असलेल्या एखाद्या शहरातूनच येईल.