पोराची रात्रपाळी आणि कापसाचा भाव



कापसाची वेचणी सुरू झाली की गावोगावच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते. "आमचा धाकटा पुण्याला असतो. नोकरी करून कॉलेज करतो. घरून एक पैसा मागत नाही." बाप अभिमानाने सांगतो, ऐकणारे मान डोलावतात. पोरगा कष्टाचा आहे, यात शंका नाही. पण आपण पिकाचा उत्पादन खर्च काढायला शिकलो, तसा एकदा पोराच्या दिवसाचाही हिशेब मांडू या.

दिवसाचे तास २४. चाकण-भोसरीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, हडपसरला पहारेकरी किंवा घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा, काम कोणतेही असो, ९ तास कामाचे. बसने जाणे-येणे २ तास. झोप ७ तास. आंघोळ, कपडे, जेवण २ तास. उरले ४. या ४ तासांत कॉलेज गाठायचे, तास करायचे आणि अभ्यासही करायचा. हे बसत नाही. मग आधी झोप तोडली जाते आणि ती तुटेनाशी झाली की कॉलेज तुटते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेचा फॉर्म अडतो, विषय मागे राहतात, तीन वर्षांची पदवी पाच वर्षांवर जाते. गावात मात्र पोरगा "शिकतोय" असेच चालू असते.

कोणी म्हणेल, कमवून शिकणे ही तर महाराष्ट्राची थोर परंपरा. खरेच आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी याच पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद ठेवले. वसतिगृहातली पोरे शेतात, बांधकामावर खपली आणि शिकली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खेड्यातल्या गरीब मुलांना तिथे आसरा मिळाला.

पण या परंपरेत आणि आजच्या रात्रपाळीत मोठा फरक आहे. कर्मवीरांच्या पोराचे काम शिक्षणाच्या बेताने ठरत होते. काम देणारा आणि शिकवणारा एकच होता. परीक्षा कधी आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. आजच्या कंत्राटदाराला पोराच्या परीक्षेशी काय देणेघेणे? पाळी बदलली तर बदलली, आला नाही तर उद्यापासून दुसरा उभा. तिथे शिकण्यासाठी कमावणे होते, इथे कमावता कमावता शिकणे सुटते. दोन्हींना "कमवा आणि शिका" म्हणणे ही कर्मवीरांच्या नावाची थट्टा आहे.

त्यातून तासही वाढत चालले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकाने-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांत ९ वरून १२ तास करण्याच्या बदलांना मंजुरी दिली. जादा कामाचा जादा पैसा मिळेल, असे सांगतात. बुडालेला कॉलेजचा तास कोण भरून देणार, हे कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्या पोराला पूर्ण वेळ नोकरी का करावी लागते? उत्तर पुण्यात नाही, ते आपल्या वावरात आहे.

पुण्यात खोली आणि मेस मिळून महिना ८,००० रुपये धरा. दहा महिन्यांचे ८०,००० झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,७१० रुपये. म्हणजे दहा-साडेदहा क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू एकरी ४-५ क्विंटल धरले तर दोन-अडीच एकरांचे सगळे पीक एका पोराच्या जेवणा-राहण्याला गेले. पण ती झाली सगळी विक्री. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा करा. क्विंटलमागे १,५०० रुपये हातात उरले, असे उदार मनाने धरले तरी ८०,००० साठी ५३ क्विंटल लागतात. ते ११ ते १३ एकरांचे पीक झाले. ज्याच्याकडे पाच एकर आहेत त्याने काय करावे? आणि हमीभाव तरी पदरात पडतो का? ओल जास्त म्हणून व्यापारी कापतो, ते वेगळेच. ज्वारीची गोष्ट तर काढायलाच नको, ती घरी खायला आणि कडबा जनावराला.

त्यात सरकारची करणी बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस बाजारात यायचे तेच दिवस! गिरणीवाल्यांना स्वस्त कापूस मिळाला. त्याची किंमत पोरगा पुण्यात रात्री जागून चुकती करतो. १९७९ साली ज्या चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली, त्याच चाकणच्या कारखान्यांत आज शेतकऱ्यांची पोरे पाळ्या करतात. भारताने पोर वाढवायचे आणि इंडियाने ते स्वस्तात राबवायचे, असा हा व्यवहार आहे.

सवलती आहेत, नाही असे नाही. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली. चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून खोलीभाडे माफ होत नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यात अल्पभूधारकाच्या मुलांचा विचार आहे. पण अल्पभूधारक ठरतो जमिनीच्या मापावर. दोन हेक्टरांच्या आतला बागायतदार अल्पभूधारक आणि सात एकर मुरमाड कोरडवाहूचा धनी मोठा शेतकरी! पाऊस न पडणाऱ्या जमिनीचे माप एकरात घेऊन काय उपयोग?

तोवर घरोघरी एवढे तरी करावे. पूर्ण वेळ नोकरी आणि रोज हजेरीचे कॉलेज असा जोड पोराच्या गळ्यात घालू नये. नोकरी सुटण्यासारखी नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे, तिथे रोजच्या हजेरीचा जाच नाही. नियमित कॉलेजच करायचे असेल तर सकाळच्या सत्राचे निवडावे आणि काम अर्धवेळ घ्यावे. पुणे विद्यापीठाच्या "कमवा आणि शिका" योजनेत कॉलेजातच रोज थोडे तास काम मिळते. प्रवेशाच्या दिवशीच त्याची चौकशी करावी. आणि पोराला विचारावे, "पैसे पाठवतोस का?" हे नव्हे, तर "किती विषय सुटले?" हे.

जिल्हा बैठकीत मात्र मागण्या ठणकावून मांडू या. कोरडवाहू शेतकऱ्याची व्याख्या एकरावर नको, उत्पन्नावर हवी. शिकणाऱ्या कामगाराला परीक्षेच्या काळात हक्काची रजा हवी. आणि सगळ्याच्या आधी कापसाला, ज्वारीला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हवा. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितले होते की खजिना भरतो रयतेच्या श्रमातून आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. आपली मागणी त्याहून वेगळी नाही. आम्हाला शिष्यवृत्तीची भीक नको. घामाचे दाम द्या, आमच्या पोरांच्या मेसचे पैसे आम्ही भरू.

बैठकीला येताना आपल्या गावातली किती पोरे-पोरी पुण्यात नोकरी करून शिकतात आणि त्यातली किती वेळेत पास झाली, याची यादी घेऊन या.