यंत्राला पडणं शिकवलं कुणी?

आईवडील पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच, मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीत. अशा घरांत माणूस पडला की मुलांना कळवणारं घड्याळ किंवा कमरेला लावायचं यंत्र हल्ली दिसू लागलं आहे. पण पडणं म्हणजे काय, हे त्या यंत्राला शिकवलं कुणी?

बरेचदा, गादीवर मुद्दाम पडणाऱ्या तरुणांनी.

संशोधकांची अडचण खरी आहे. सत्तरीच्या माणसाला प्रयोगासाठी पाडता येत नाही. कोलंबियातल्या अँतिओकिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला ‘सिसफॉल’ हा विदासंच या क्षेत्रात बराच वापरला जातो. त्यात 23 तरुण आणि 15 ज्येष्ठ आहेत. ज्येष्ठांपैकी पडून दाखवलं ते एकानेच, आणि तो साठीचा माणूस ज्युदोत तरबेज! भिंतीला धरत हळूहळू खाली घसरणाऱ्या, गुडघे गेलेल्या आजींचं पडणं या नोंदींत कुठून सापडणार?

याने फरक किती पडतो, हे ‘प्लॉस वन’ नियतकालिकात 2012 साली आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. पडणं ओळखण्याच्या 13 पद्धती त्यात 29 खऱ्याखुऱ्या पडण्यांवर तपासल्या गेल्या. सरासरीने जेमतेम 57 टक्के पडणी ओळखता आली. शिवाय तीन रुग्णांच्या दिवसभराच्या नोंदींवर या पद्धतींनी 3 पासून 85 पर्यंत खोटे इशारे दिले. सारखा खोटा इशारा येऊ लागला की घरचे फोनचा आवाज बंद करतात, आणि खरा इशारा आला तरी कुणाला कळत नाही. पुढे युरोपातल्या ‘फारसीइंग’ प्रकल्पाने खऱ्या पडण्यांच्या नोंदी जमवल्या. काम किचकट आणि वेळखाऊ, पण गरज त्याचीच आहे.

आपल्याकडच्या घरांचं तर आणखी वेगळं. इथे ज्येष्ठ माणसं जमिनीवर बसून भाजी निवडतात, पूजेला बसतात, नमाज पढतात. या हालचाली नोंदींत नसतील, तर यंत्र बसण्याला पडणं समजू शकतं.

न झालेल्या नोंदींचाही प्रश्न आहेच. आजोबा न्हाणीघरात आणि घड्याळ चार्जिंगला, अशा वेळी मुलाच्या फोनवर ‘नोंद नाही’ असं स्पष्ट दिसायला हवं. तिथे ‘सर्व ठीक’ दिसत असेल, तर ती शुद्ध दिशाभूल आहे.

म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: चाचणी कोणत्या वयाच्या माणसांवर झाली? त्यात खरी पडणी किती होती? यंत्र बंद असताना घरच्यांना काय दिसतं? उत्तरं लेखी मागा. मिळाली नाहीत, तर ते यंत्र घेऊ नका.